टोकन नंबर १४०७

आईचा एकच फोटो आहे.
म्हणजे लग्नातला होता, पण त्यात ती मुंडावळ्यांच्या मागे
आणि फोटोवाल्याचा हात हललेला.
तो कुणाच्याही लग्नातला असू शकतो.

हा प्रेसच्या पासवरचा.
नाशिकरोड, काळा-पांढरा, काडेपेटीच्या निम्मा.
बोराडे जी. डी., तपासणी खातं.
डाव्या गालावर जांभळा गोल शिक्का,
अर्धा फोटोवर, अर्धा पुठ्ठ्यावर,
कुणी फोटो उपसून दुसरा डकवला
तर जुळू नये म्हणून.

भोंगा व्हायचा तेव्हा तिचं एक पाऊल चपलेत असायचं.
मग दिवसभर समोरून चेहरे,
तिकिटांच्या तावांवर, शंभर-शंभर एकसारखे.
एखाद्याची मिशी पुसट, एखाद्याच्या कपाळावर शाई,
एखाद्याचा डोळा केसभर सरकलेला.
ती बोटानं बाजूला काढायची: हा नको.
संध्याकाळी फाटकाशी झडती,
केसातला आकडासुद्धा दाखवायचा.
कागदाचा कपटा बाहेर येत नसे.
म्हणून ती काय बघायची
ते आम्ही कधी बघितलं नाही.

आम्हालाही तशीच न्याहाळायची,
शाळेत निघताना, हनुवटी धरून, खिडकीकडे वळवून.
पास व्हायचो बहुतेक.

फोटोच्या दिवशी तिची दाढ ठणकत होती.
हे तिनंच सांगितलं, चार-पाच वेळा, दर वेळी थोडं वेगळं.
जेलरोडच्या भामऱ्यांनी स्टुलावर बसवलं,
म्हणाले, बाई, तोंडातलं काढा.
ती म्हणाली, लवंग आहे, निघणार नाही.
(एकदा म्हणाली, काढली आणि मुठीत धरली.
फोटोत मूठ नाही. ठरवायचं कसं?)
कुड्या शेजारच्या पठाणबाईंच्या.
गाल लिंबाएवढा सुजलेला,
आणि शिक्का पडला बरोबर तिथंच.
सरकारनं झाकलं बघ, म्हणायची.

ती गेली, आणि दहाव्याच्या आत मोठा फोटो हवा होता.
पास घेऊन मी देवी चौकात गेलो.
कॉम्प्युटरवर मुनीरा नावाची मुलगी,
ओढणी कमरेला खोचलेली, खुर्चीच्या चाकात जाऊ नये म्हणून.
तिनं आई मोठी केली. आणखी मोठी केली.
इतकी, की आई उरली नाही,
नुसते करडे ठिपके.
प्रेसमध्ये भिंगाखाली असंच दिसत असेल.
दादा, शिक्का काढू ना?
मी म्हणालो, काढ.
तिनं उजवा गाल उचलला, उलटा केला, डावीकडे ठेवला.
साठ रुपये जास्त.

अण्णांनी चष्मा पुसला.
फ्रेम उजेडाकडे वळवली.
ही कोण?
आई, मी म्हणालो.
नाही, ते म्हणाले,
हिची दाढ दुखत नाहीये.

कुणी हसलं नाही. ताई उठून आत गेली,
बराच वेळ नळ चालू होता.

मुनीरानं काही विचारलं नाही.
मागे मागे जात राहिली एकेक पायरी,
गाल परत आला, सूज आली, शिक्का आला.
पैसे नकोत, म्हणाली. मग म्हणाली,
काचेचे तेवढे द्या.

एक राहिलंच सांगायचं.
रिटायर होताना पास जमा करायचा असतो.
आईनं हरवला म्हणून लिहून दिलं, दंड भरला.
एकतीस वर्षांत त्या फाटकातून
न दाखवता बाहेर आणलेली तिची एकच वस्तू,
स्वतःचा चेहरा.
तोही भाकरीच्या फडक्यात गुंडाळून.

आता भिंतीवर आई आहे, अर्ध्या शिक्क्यासकट.
काठाशी शिक्का तुटतो, पुढे चुना.
दुपारी सगळे झोपलेत असं वाटलं
की अण्णा कपाटातून पास काढतात,
पुठ्ठ्यावरचा अर्धा शिक्का
तिच्या गालाशी धरून बघतात.

जुळत नाही.
भिंतीवरची फार मोठी झाली आहे.
तरी ते पास थोडा वर करतात,
थोडा खाली.